नानांच्या साक्षीत राहिलेलं नाव

नाना, तुमच्या मातीला मला येता आलं नाही. दाविदचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात होते. पुढ्यात पितळेच्या बोल्टांचा ढीग, सरळ एका बाजूला टाकायचे, वाकडे एका बाजूला. जामनगरहून आपल्या गावाला पोचायचं तर दोन दिवस जातात आणि माती दुपारीच होती. मी हात पुसले आणि परत निवडायला बसले. सुट्टी होताना सुपरवायझर म्हणाला, बहन, आज तुम्ही सगळं सरसकट वाकड्यात टाकलंय.

येत्या रविवारी आपल्या ख्रिस्ती मंडळीत तुमच्या आठवणीची उपासना आहे. माझा धाकटा भाऊ दाविद आता उपासनेत शास्त्र वाचतो, तुम्हाला ठाऊकच आहे. तो म्हणाला, "ताई, दोन पानं लिहून पाठव, मी वाचतो. नानांचं मनपरिवर्तन, सोसायटीच्या सभेतली साक्ष, सगळं पौलासारखं. लोकांला बोध व्हईल असं लिव्ह."

मी दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. दोन्ही वेळा तुम्ही लई चांगले होतात आणि मी कुठंच नव्हते. म्हणून आधी हे तुम्हालाच लिहिते. तुमच्या साक्षीत एक नाव राहिलं होतं. ते तुम्हाला आणि मला, दोघांनाच माहीत होतं, आता माझ्या एकटीपाशी उरलंय. रविवारी माझे वडील, आबा, पहिल्या रांगेत बसतील. त्यांच्यासमोर ते नाव वाचलं जाईल असं लिहायचं की नाही, एवढंच मला ठरवायचंय.

तुम्हाला मी आधी ओळखत होते ते टँकरवाला किसन म्हणून. सोसायटीचा टँकर तुमच्या हातात आणि चेरमनचा शब्द तुमच्या तोंडात. चौसाळ्याच्या हमरस्त्यावरून टँकर आत वळला की बायका घागरी घेऊन पळायच्या आणि तुम्ही पायरीवर उभं राहून रांग लावायचात. कुणी मधे घुसलं तर पाइप तिच्या अंगावर सोडायचात, पाणी न सोडता, नुसता रबरी पाइप. माझ्या पाठीवर त्याचा वळ उठला होता. सातवीत मी शाळा सोडली ती ह्या रांगेपायीच. सकाळी उभं राहिलं की दुपार व्हायची, आणि घरात कुणीतरी एकानंच शिकायचं होतं.

त्या उन्हाळ्यात गावानं महादेव कोंडायचं ठरवलं. पिंड बुडेस्तोवर गाभारा पाण्यानं भरायचा, म्हणजे देव गुदमरतो आणि पाऊस सोडतो, असं गाव पिढ्यान् पिढ्या करत आलंय. घरटी एक घागर मागितली. आमच्या वस्तीतूनही मागितली. घागर आम्ही द्यायची, पायरीशी ठेवायची, ओतायची दुसऱ्यानं. आबा आमच्या मंडळीचे उपदेशक. ते चेरमनच्या माणसाला म्हणाले, "तान्हेलं माणूस दाखवा, दोन घागरी देतो. दगडाला न्हाई द्यायचा." आबांना खरं बोलायची खोड, आणि ते कसं बोलावं ह्याची अक्कल कमी. पाणी नाही देत म्हटलं असतं तरी भागलं असतं. दगड हा शब्द काढायचं काम नव्हतं. समोरच्या माणसाचा तो देव होता. हे मी आबांना कधी तोंडावर बोलले नाही.

गाभारा भरला आणि पाऊस आला नाही. मग तो आमच्यामुळं आला नाही असं ठरलं. प्रार्थनेला बसलेल्यांवर दोनदा गोटे पडले. तेव्हापासून मंडळी दर रविवारी जागा बदलून बसायला लागली. जागा शनिवारी ठरायची आणि तोंडातोंडी कळायची.

त्या रविवारी मी प्रार्थनेला न जाता रांगेत होते, कारण घरात दोन दिवस पाणी नव्हतं. माझा नंबर आला आणि तुम्ही पायानं माझ्या घागरी बाजूला सारल्या.

"पाळकाची पोरगी ना गं तू? आज कुठं बसलीत तुमची लोकं?"

मी घागरी परत पुढं सरकवल्या.

"ऱ्हाऊ दे मग. चला, पुढचा नंबर."

मागच्या बायका ओरडायला लागल्या, आटपा की, पाय भाजायलेत. मी पुढं झुकले आणि तुमच्या कानाशी बोलले, "ओढ्यापल्याड. लक्ष्मणतात्याच्या गुरांच्या कोठ्यात."

तुम्ही दोन्ही घागरी काठोकाठ भरल्या. इतक्या नीट तुम्ही कुणाच्याच भरल्या नसतील. मला वाटलं, जातील, शिव्या देतील, दोन गोटे टाकतील, आणखी काय. असं मला तेव्हाच वाटलं की नंतर मी ते स्वतःला पटवलं, हे आता सांगता येत नाही. रस्त्यानं येताना मी खुशीत होते, एवढं मात्र पक्कं आठवतं.

तासाभरानं आबांना बाजेवर घालून आणलं. उजवा हात कोपरापासून उलटा लोंबत होता. सदरा रक्तानं पाठीला चिकटलेला, ओढला की आबा दात खायचे. मी तेच पाणी घेतलं. त्या पाण्यानं तोंड धुतलं, पाठ धुतली, फडकं पिळलं, परत बुडवलं, घागर तांबडी झाली. आबा म्हणाले, "येवढं पानी कुठून आलं गं?"

मी म्हणाले, "नंबर लागला."

संशय लक्ष्मणतात्यावर गेला. कोठा त्याचा, आणि त्या दिवशी तापानं पडल्यामुळं नेमका तोच घरी. दुसऱ्या रविवारी त्याच्याशेजारी कुणी बसलं नाही. तिसऱ्या रविवारी बाहेर त्याला चपलांनी मारलं, मंडळीतल्याच दोघांनी, प्रभुभोजन झाल्यावर, तोंडाला द्राक्षारस लागलेला असताना. तात्या वाकून मार खात होता आणि म्हणत होता, "देवाशपथ, म्या न्हाई." मी तिथंच उभी होते. नाना, तुमच्या टामीनं, त्या लोखंडी दांड्यानं, एक हात मोडला. माझ्या गप्प बसण्यानं काय काय मोडलं ते मोजायला तुम्ही नेहमी मलाच सोडून दिलंत.

त्यानंतर पंधरा दिवसांत विहिरीवरचं झालं. टँकर सार्वजनिक विहिरीत रिकामा करून वर जंतू मारायची पावडर टाकायचं काम तुमचंच. डबा गच्च बसलेला, तुम्ही तो गुडघ्यात धरून पान्यानं उचकटला आणि सगळी पावडर तोंडावर उडाली. तुमच्यासारखा गडी तसा ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकला. तुम्ही कठड्याला डोकं आपटत होतात. तुमचे सोबती जीप आणायला पळाले, एकजण तर नुसताच पळाला. विहिरीचं पाणी पांढरं झालं होतं, ते कामाचं नव्हतं. सगळ्यात जवळ आमचं घर.

आबा एका हातानं घागर उचलायला आले आणि मी घागरीला मिठी मारली.

"सोड."

"न्हाई सोडायची. ह्यानंच तुमचा हात मोडला."

"मला म्हाईत न्हाई व्हय कुणी मोडला ते? सोड म्हणलं ना."

मी सोडली नाही, तर त्यांनी मला लाथ घातली. आबांनी आयुष्यात मला एकदाच मारलं, ते तुमच्यासाठी. मग तुमचं डोकं मांडीवर घेऊन, डाव्या हातानं, धार धरून ते ओतत राहिले. तुम्ही डोळे आवळून धरलेले. "उघडा डोळे. उघडा म्हणतो ना. उघड की बे." आबांच्या तोंडून बे मी तेवढ्यावेळीच ऐकलं. एक घागर संपली, दुसरी संपली. त्या दिवशी दाविद पाण्यासाठी रडून रडून झोपला. मी बाहेर ओट्यावर बसून, हे डोळे जाऊ देत, असं मनात म्हणत होते. प्रार्थनाच ती, दुसरं काय म्हणायचं.

बीडच्या सरकारी दवाखान्यातून तुम्ही आलात ते डाव्या डोळ्यात कायमचं धुकं घेऊन. आमच्या दारात उभे राहिलात आणि आत या म्हटलं तरी आला नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणालात, "पाळक, तुमच्या शास्त्रात माझ्यासारखा कुनी हाय का?" आबांनी शौलाची गोष्ट वाचली, जो प्रभूच्या लोकांना धरून बांधून न्यायचा, आणि दमिष्काच्या वाटेवर प्रकाशानं आंधळा होऊन पडला, आणि मग पौल झाला. तुम्ही सगळं ऐकलंत आणि म्हणालात, "ह्याला तरी वरून आवाज आला. मला निस्ती पावडर." आबा पोट धरून हसले, कोपर दुखलं म्हणून कण्हले आणि परत हसले.

इथं जामनगरच्या मंडळीत मी तुमची गोष्ट सांगितली तेव्हा त्यात प्रकाश घातला. चांगलं वाटतं ऐकायला. तुम्हाला फोनवर सांगितलं तर तुम्ही चिडलात. "कावून घातला? प्रकाश-बिकाश काय नव्हता. तुझ्या बापाची मांडी व्हती. ते सांग." मी म्हणाले, लोकांना मांडी कळत नाही नाना, प्रकाश कळतो. ह्यावर आपलं लई भांडण झालं आणि ते तसंच राहिलं. आता कबूल करते, तुमचं बरोबर होतं. शौलाला प्रकाशानं नुसतं पाडलं. डोळे उघडले ते दमिष्कातल्या एका भ्यालेल्या विश्वासणाऱ्यानं, त्याच्या घरी जाऊन, अंगावर हात ठेवून. प्रकाश पाडणं आपल्या हातात नाही. घागर सोडणं असतं.

मग ती सभा. तुम्ही मंडळीत बसायला लागल्यावर चेरमननं टँकर काढून घेतला, आणि टँकर चोरून वस्तीत रिकामा करतो असा आळ घेऊन सोसायटीच्या वार्षिक सभेत तुम्हाला उभं केलं. शाळेपुढं मांडव, लोखंडी खुर्च्या. सभासदांनी आत बसायचं, बाकीच्यांनी भिंतीपाशी उभं राहायचं. आमच्या वस्तीत एकही सभासद नव्हता. आबांचा हात मोडला हे त्या गावात कुठंही बोलायचा हक्क आबांना नव्हता.

चेरमन म्हणाला, "ह्याला बोलायचं काय कारण? ठराव वाचा."

तुम्ही म्हणालात, "कारण हाय. माझ्या बापाचा शेअर माझ्या नावावर हाय. मी सभासद हाय. सभासदाला बोलू न देता ठराव करता येतो का, ते आधी सांगा."

सेक्रेटरीनं मान हलवली, येत नाही. "बोल बे मग, आटप," चेरमन म्हणाला.

पौलाला चाबकाखाली बांधलं तेव्हा त्यानं विचारलं होतं, रोमी नागरिकाला चौकशीशिवाय फटके मारता येतात का. आमच्याकडं पुष्कळांना वाटतं की विश्वास ठेवणाऱ्यानं हक्क मागू नये, गप सोसावं. पौलानं मागितला. तुम्हीही मागितलात. पण पौलानं बोलायची संधी मागून घेतली की तो पहिल्यांदा स्वतःच्या सुटकेचं बोलत नाही. जमावापुढंही आणि राजापुढंही तो आधी स्वतः काय केलं ते सांगतो. तुम्ही टँकरचं नावच काढलं नाहीत.

"मी टामी घेऊन गेलतो," तुम्ही म्हणालात. "पाळक डोळे मिटून बसलावता. मिटल्या डोळ्याच्या माणसाला मारलं मी. पयला घाव पाठीत. डोस्कं वाचवाया त्यानं हात वर केला, तर मी त्योच हात धरला आन् कोपरावर घातली. हाड वाजलेलं ऐकलं. ऐकूनबी दुसऱ्यांदा घातली. मला मारायला सांगितलं व्हतं, खरं हाय. पन दुसऱ्यांदा मार असं कुनी सांगितलं नव्हतं. ती दुसरी माझी सोताची."

चेरमनचं तोंड उतरलं होतं, आता हा आपलं नाव घेणार म्हणून. तुम्ही घेतलं नाहीत. मग भिंतीपासून आमच्यातलाच एकजण ओरडला, "आमची जागा तुला कुनी सांगितली, ते बोल."

तुम्ही भिंतीकडं पाहिलंत. त्या धुरकट डोळ्यानं मी दिसले की नाही ठाऊक नाही. म्हणालात, "कुनी न्हाई. मीच हुडकली."

आणि लगेच पुढं म्हणालात, "उद्यापसून टँकर आधी ह्यांच्या वस्तीत रिकामा करा. त्यांच्या वाट्याचं पानी आपुन वरीसभर पिलो."

तोवर गाव ऐकत होतं. पौलाचंही जमावानं तोवरच ऐकलं, जोवर तो स्वतःबद्दल बोलत होता. प्रभूनं मला परक्या लोकांकडं पाठवलंय असं त्यानं म्हटल्याबरोबर लोकांनी कपडे फेकले आणि धूळ उधळली. आपल्या गावानं खुर्च्या उचलल्या. पहिली खुर्ची कानावर बसली, कान अर्धा सुटून लोंबला. दुसरी तोंडावर, तुम्ही दात थुंकलात. तुम्ही गावातले सगळ्यात मोठे मारामारीवाले. तुमचा उजवा हात सवयीनं वर गेला, मूठ वळली, मी पाहिली. मग तुम्ही दोन्ही हात कमरेच्या पट्ट्यात कोंबले आणि तसेच खाली पडलात. पडल्यावर पोटात लाथा. आबा मधे घुसले तर त्यांच्या मोडक्या हातावर कुणीतरी पाय देऊन उभा राहिला. तुम्हाला पहिल्यांदा उचललं ते लक्ष्मणतात्यानं, पाठीवर घेऊन, रक्त त्याच्या मानेवरून ओघळत होतं. आणि आमची माणसं काय म्हणाली, सांगू? "बघा, आधीपसून मिळालेलेच हायती दोघं." तुमच्या खोट्यानं तात्या सुटला नाही, नाना. अजून शेवटच्या रांगेत, खांबाआड बसतो. पोरीचं लग्न मंडळीत जमलं नाही म्हणून परळीकडं दिली.

लग्न होऊन मी इकडं निघाले तेव्हा चौसाळ्याच्या स्टँडवर तुम्ही आलात. मी बोलायला लागले तर म्हणालात, ह्या अंगानं ये, त्या कानाला ऐकू येत न्हाई.

"तुमी साक्षीत खोटं बोललात."

"बोललो."

"चालतं का?"

"न्हाई चालत."

"मग कावून बोललात?"

"पौल बघ, जमावापुढं उभा ऱ्हातो, प्रभूच्या मानसाला दगडानं ठार मारणाऱ्या एकाचंबी नाव घेत न्हाई. मी व्हतो, एवढंच म्हनतो. आपली साक्ष आपल्यापुरती. दुसऱ्याचं सांगाया आपुन काय पोलीस पाटील हाव?"

"पण मीच हुडकली, असं पौल न्हाई म्हणला."

"हां," म्हणालात, "तितं चुकलो. गप बसायला पायजे व्हतं. तुझं त्वांड बघितलं आन् घसरलो."

"आन् तात्याचं?"

"तात्याला म्या कसा सोडवू? माझ्यापाशी व्हतं तेवढं बोललो. तुझं त्वांड तुझ्यापाशी हाय, बाई."

बस आली. तुम्ही माझी पेटी वर चढवलीत आणि खिडकीतून म्हणालात, "जाऊन फोन कर." मला राग आला होता. शिव्या दिल्या असत्यात, आबांना सांगून टाकतो म्हणाला असतात, तर बरं झालं असतं. तुम्ही माझ्यावर उपकार केलात आणि तो मला टोचत राहिला. दर नाताळाला फोन यायचा. जेवली का, पोरं कशी हायत, आणि मग तुम्ही काही न बोलता थांबायचात. मला कळायचं कशासाठी थांबलात. मी म्हणायचे, बरं ठेवते नाना, डाळ लागतेय.

आता कुणी थांबणार नाही. इथं रविवारी मी साक्ष देते, देवानं नोकरी दिली, लेकराचा ताप उतरवला, सगळे आमेन म्हणतात. पौलानं अशी साक्ष एकदाही दिली नाही. त्याच्या साक्षीत त्यानं कुणाला मारलं ते आधी येतं. आम्ही तेवढं गाळतो आणि पुढचं वाचतो. तुमच्या आठवणीत बोध काढायचा तर मला हा एकच दिसतो, आणि तो दुसऱ्यांना वाचून दाखवायच्या आधी मला करावा लागतोय.

भीती वाटते. आबा म्हातारे झालेत, रात्री हात अजून ठणकतो म्हणतात. त्यांना काय वाटेल ह्याची भीती आहेच, पण खरं सांगायचं तर त्यांच्याहून जास्त तात्याची वाटते. आबा माफ करतील, त्यांची ती खोडच आहे. तात्यानं का करावं?

दाविद, वेगळी पानं लिहिणार नाही. हीच वाच. वाचायच्या आधी तात्यांना खांबाआडून उठव आणि आबांच्या शेजारी बसव. नाही म्हणाले तर हाताला धर. मधलं काही गाळू नकोस, चपलांचं तर मुळीच नाही. मारणारे दोघं तिथंच असतील, त्यांची नावं मी लिहिली नाहीत.

आबा, तात्या, जागा मी सांगितली. दोन घागरी पाण्यासाठी सांगितली. नानांनी हुडकली नव्हती.

दाविद, वाचायला लागलास की मला फोन लावून पुढच्या बाकावर ठेव. मी रविवारची पाळी बदलून घेतलीये, घरीच असेन. वाचून झालं की लगेच बंद करू नकोस. कुणी काही बोललं तर मला ऐकायचंय, आणि कुणी काहीच बोललं नाही तर तेही.